छोट्या एआरएम बोर्डावर आर भाषा: बांधणी, चाचणी आणि चुकांचा माग

धो-धो पावसाच्या कणकुंबीला जुलै महिन्यात शून्य मिलिमीटर पाऊस, असं यंत्रानं सांगितलं तर खानापूर तालुक्यातलं शाळकरी पोरही हसेल. तोच शून्य कमी पावसाच्या अथणीच्या रकान्यात आला तर कुणी मान वर करूनही बघणार नाही. आर ही संख्याशास्त्राची मुक्त भाषा नव्या जातीच्या यंत्रावर (इथे एआरएम जातीच्या प्रोसेसरवर) नेताना सगळ्यात जास्त छळतात ते असेच दोष. प्रोग्राम बंद पडत नाही, चूक झाल्याचा संदेश येत नाही, फक्त उत्तर बदलतं. म्हणून या लेखात बांधणीला (मूळ कोडपासून आर तयार करण्याला) कमी जागा आहे आणि बांधून झाल्यानंतरच्या तपासाला जास्त.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा सोसायटीच्या कचेरीत रास्पबेरी पायसारखा स्वस्त बोर्ड घेऊन त्यावर आर चालवू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. लिनक्सच्या टर्मिनलची भीती नसावी आणि सी भाषा वाचता यावी, एवढी तयारी पुरे. आदेशांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाकायची.

आधी ठरवा, बांधायचं कशासाठी

डेबियन आणि तिच्यावर बेतलेल्या प्रणालींत ६४ बिट एआरएमसाठी आर तयार मिळते. 'एपीटी' वापरून 'आर-बेस' बसवलं की काम झालं. वर्गात सरासरी आणि प्रमाण विचलन शिकवायचं असेल तर तेवढ्यावर थांबा, मूळ कोडच्या वाटेला जाऊ नका. स्वतः बांधायची गरज पडते ती तीन-चार कारणांनी: प्रणालीतली आवृत्ती जुनी आहे, डीबगची माहिती आत ठेवून बांधायची आहे, सदिश आणि सारण्यांचं गणित करणारी वेगळी ब्लास लायब्ररी जोडायची आहे, किंवा यंत्रच इतकं नवं आहे (रिस्क-व्ही जातीचा प्रोसेसर, उदाहरणार्थ) की तयार पॅकेजवर भरवसा ठेवता येत नाही.

आरचा उगम न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातला. रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी बेल लॅब्जच्या एस भाषेच्या धर्तीवर ती लिहिली, १९९५ मध्ये ती जीपीएल परवान्याखाली खुली झाली आणि १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली. आपल्या कामाचा मुद्दा असा की तिचा गाभा सी, फोरट्रान आणि खुद्द आर अशा तीन भाषांत आहे. बांधणीच्या मध्यावर नुकतीच तयार झालेली आर स्वतः चालू होते आणि आपलीच मूळ पॅकेजं संकलित करते. त्यामुळे इंटेलच्या डेस्कटॉपवर बसून एआरएमसाठी आर बांधणं हा वैतागाचा धंदा आहे. जी आर तयार होते ती त्या डेस्कटॉपवर चालतच नाही, आणि काम अर्ध्यावर अडकतं. वेळ लागला तरी बोर्डावरच बांधा.

बांधणी

डेबियनमध्ये मूळ कोडचे स्रोत चालू करून 'एपीटी बिल्ड-डेप आर-बेस' हा आदेश द्या. सी आणि फोरट्रानचे कंपायलर, रीडलाइन, पीसीआरई-२, झेडलिब, बीझिप-२, एक्सझेड, लिबकर्ल, आलेखांसाठी कैरो आणि पँगो, भाषेनुसार क्रम लावणारी आयसीयू, हे सगळं एका दमात येतं. एकेक लायब्ररी शोधत बसण्यात दुपार घालवू नका.

मूळ कोडच्या फोल्डरमध्ये बांधू नका. शेजारी रिकामा फोल्डर करा, त्यात उभे राहून 'कॉन्फिगर' चालवा. पहिल्या वेळी 'प्रीफिक्स'मध्ये आपल्या घरच्या फोल्डरचा पत्ता द्या, म्हणजे प्रणालीतली आर शाबूत राहते आणि दोन्हींची तुलना करता येते. बोर्डाला पडदा जोडलेला नसेल तर एक्स-११ बंद करा. रीडलाइन सापडली नाही म्हणून कॉन्फिगर थांबलं तर तो पर्याय बंद करून पुढे पळू नका. रीडलाइनशिवायच्या आरमध्ये वरचा बाण दाबून मागचा आदेश येत नाही, आणि डीबग करताना त्याचा फार जाच होतो.

कॉन्फिगर संपताना एक सारांश छापतं: कुठले कंपायलर, कुठले पर्याय, कैरो आहे का, आयसीयू आहे का. तो वाचल्याशिवाय पुढचा आदेश देऊ नका. मराठी मजकुराचं जे रडगाणं पुढे येणार आहे, त्याचं अर्धं मूळ इथे गाळलेल्या दोन ओळींत असतं. काही अडलं तर 'कॉन्फिग डॉट लॉग' उघडा आणि शेवटून वर वाचत या. पडद्यावर दिसतो तो निकाल, आणि त्याचं कारण त्या फाइलमध्ये असतं.

मग 'मेक'. एक जीबी मेमरीच्या बोर्डावर एका वेळी एकच काम चालवा. कंपायलर 'किल्ड' म्हणून मेला तर कोडमध्ये दोष शोधू नका, मेमरी संपलेली असते. 'डीमेसेज'मध्ये त्याची नोंद सापडेल. शक्य असेल तर मेमरी कार्डाऐवजी यूएसबीवरच्या एसएसडीत बांधा.

लाईट गेली तर

आपल्याकडे पावसाळ्यात हा प्रश्न येणारच. 'मेक' पुन्हा दिलं की राहिलेलं काम पुढे सुरू होतं हे खरं, पण दोन गोष्टी आधी बघा.

पहिली, वीज गेली त्या क्षणी लिहिली जात असलेली ऑब्जेक्ट फाइल अर्धवट राहते. मेकला ती फाइल दिसते, तारीख ताजी दिसते, म्हणून ते तिला हात लावत नाही. 'फाइंड'ने शून्य बाइटच्या ऑब्जेक्ट फाइल शोधून उडवा. त्यानंतरही लिंकर विचित्र तक्रार करत असेल तर 'मेक क्लीन' करून नव्यानं सुरू करा.

दुसरी गोष्ट जास्त फसवी. रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर घड्याळाची चिप नाही. वीज आली, पण इंटरनेट आलं नाही, तर बोर्ड जुन्याच वेळेवर उठतो. आधी बांधलेल्या फाइलींवरची वेळ त्याला भविष्यातली वाटते आणि मेक 'क्लॉक स्क्यू डिटेक्टेड' असा इशारा देतं. हा इशारा बहुतेक जण सोडून देतात. सोडू नका: काय जुनं आणि काय नवं हे मेक केवळ वेळेवरून ठरवतं. वेळ दुरुस्त करा, मगच पुढे चला.

चाचण्या वाचायच्या कशा

बांधणी संपली की बसवण्याआधी 'मेक चेक'. ते सुरळीत पार पडलं तर 'मेक चेक-ऑल', ज्यात मॅट्रिक्स, सर्व्हायव्हल, एनएलएमई वगैरे १५ शिफारस केलेली पॅकेजंही तपासली जातात. हे रात्री लावून ठेवण्याचं काम आहे.

चाचणीची रीत साधी आहे. एक आर फाइल चालते, तिचं आउटपुट आधी जपून ठेवलेल्या आउटपुटशी ताडून पाहिलं जातं. चाचणी कोसळली की 'टेस्ट्स' फोल्डरमध्ये शेवटी 'फेल' असलेली फाइल राहते. तिच्या शेवटच्या वीस-तीस ओळींत काय ते कळतं. काही चाचण्या सैल असतात. त्यांत फरक दिसला तरी मेक थांबत नाही, फक्त फरक छापून पुढे जातं. म्हणजे मेक शेवटपर्यंत गेलं याचा अर्थ सगळं जुळलं असा नाही. छापलेले फरक डोळ्यांखालून घाला.

शेवटच्या अंकातला फरक

इंटेलवर आलेली सरासरी आणि एआरएमवर आलेली सरासरी पंधराव्या-सोळाव्या अंकात वेगळी दिसली तर लगेच घाबरू नये, आणि 'चालायचंच' म्हणून सोडूही नये. कारण सापडलं पाहिजे. सहसा तिघांपैकी एक असतं.

बेरीज आणि सरासरी काढताना आर आतून 'लाँग डबल' वापरते. इंटेलवर त्याचा अपूर्णांकाचा भाग ६४ बिटांचा, ६४ बिट एआरएम लिनक्सवर ११३ बिटांचा, आणि ॲपलच्या एआरएम मॅकवर लाँग डबल म्हणजे साधं डबलच, ५३ बिटांचं. 'डॉट मशीन' या यादीतला 'लाँगडबल डॉट डिजिट्स' हा आकडा बघा. तिथेच 'साइझऑफ' बघून निष्कर्ष काढू नका, कारण इंटेलवर आणि एआरएम लिनक्सवर दोन्हीकडे ते १६ बाइटच सांगतं.

दुसरं कारण, एआरएमवर जीसीसी गुणाकार आणि बेरीज एकाच सूचनेत करतं आणि मधली गोलाई (राउंडिंग) टाळतं. पर्यायात 'एफपी-काँट्रॅक्ट' बंद करून पुन्हा बांधा. फरक नाहीसा झाला तर चोर सापडला. तिसरं, ब्लास लायब्ररी. 'सेशन इन्फो' दोन्ही यंत्रांवर छापून ब्लास आणि लापॅकच्या ओळी ताडा. मुख्य घटक विश्लेषणात अख्ख्या रकान्याची चिन्हं उलटी येतात तेव्हा विद्यार्थी धावत येतात. त्यात चूक काहीच नाही, आयगेन सदिशाचं चिन्ह कुठलंही घेता येतं.

तुलनेसाठी 'आयडेंटिकल' नको, 'ऑल डॉट इक्वल' वापरा. त्याची मुभा साधारण १.५ गुणिले १० चा उणे आठवा घात एवढी असते. ती पुरत नाही म्हणून कुणी चाचणीतली मुभा वाढवत असेल तर त्याचा हात धरा. सहाव्या अंकातला फरक गोलाईनं येत नाही. तिथे दोष आहे.

शून्य झालेला पाऊस

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा जांबोटी, कणकुंबी, लोंढा, अथणी अशा केंद्रांच्या रोजच्या पावसाची फाइल आहे. काही दिवशी नोंद झालेली नाही, तिथे एनए आहे. एका पॅकेजमधलं सी भाषेतलं फंक्शन दशांशातला पाऊस पूर्णांकात बदलतं. डेस्कटॉपवर एनए हा एनएच राहतो आणि बोर्डावर त्याच जागी शून्य येतं. महिन्याची सरासरी खाली घसरते आणि कुठेही चूक दिसत नाही.

हे समजायला आतली दोन गुपितं माहीत हवीत. आरमध्ये पूर्णांकातला एनए म्हणजे सगळ्यात लहान ३२ बिट पूर्णांक, उणे २१४७४८३६४८. दशांशातला एनए म्हणजे 'एनएएन'चाच (संख्या नसलेल्या उत्तराचाच) एक खास नमुना, ज्याच्या खालच्या ३२ बिटांत १९५४ हा आकडा ठेवलेला असतो. एनएएन पूर्णांकात बदलला तर काय व्हावं हे सी भाषेनं ठरवलेलंच नाही. इंटेलचा प्रोसेसर अशा वेळी नेमका तो सगळ्यात लहान पूर्णांक देतो, म्हणजे आरचा एनए आपोआप तयार होतो. एआरएमचा प्रोसेसर शून्य देतो. म्हणजे पॅकेज पहिल्यापासून चुकीचंच होतं, इंटेलवर नशिबानं चालत होतं इतकंच.

माग काढायची रीत अशी. दोन्ही यंत्रांवर आरची आणि पॅकेजांची आवृत्ती एकच ठेवा, नाहीतर काय ताडतो आहोत तेच कळत नाही. दर टप्प्यानंतरचा तक्ता 'सेव्ह आरडीएस'नं जतन करा. हे स्वरूप यंत्रावर अवलंबून नसतं, त्यामुळे बोर्डावरची फाइल डेस्कटॉपवर बिनधास्त उघडा. मग प्रत्येक टप्प्यावर सगळ्यात स्वस्त प्रश्न विचारा: एनए किती आहेत? 'इज डॉट एनए'ची बेरीज दोन्हीकडे सारखी आहे तोवर दोष पुढे आहे. जिथे आकडा बदलला तो टप्पा धरा. सरासरीचा आलेख बघत बसण्यापेक्षा ही मोजणी कितीतरी लवकर ठिकाणावर नेते.

टप्पा सापडला की डेटा कमी करत आणा. वर्षभराच्या फाइलऐवजी तीन संख्यांचा सदिश पुरतो: साडेबारा, एनए, शून्य. त्यातही दोष दिसतो का? दिसला तर फंक्शनचं नाव कंसाशिवाय टाइप करून त्याचा कोड वाचा. आत 'डॉट कॉल' दिसलं की काम सी भाषेत गेलं. घरच्या फोल्डरमधल्या 'डॉट आर' फोल्डरात 'मेकव्हार्स' फाइल असते. तिच्यात कंपायलरला 'एफसॅनिटाइझ' पर्यायासोबत 'फ्लोट-कास्ट-ओव्हरफ्लो' द्या आणि तेवढं एकच पॅकेज पुन्हा बांधा. नुसतं 'अनडिफाइंड' दिलं तर ही तपासणी त्यात धरली जात नाही, हे लक्षात असू द्या. आता प्रोग्राम चालवला की फाइलचं नाव आणि ओळ क्रमांकासह इशारा येतो.

दुरुस्ती दोन ओळींची आहे. बदलण्याआधी 'इझनॅन'नं तपासा, असेल तर 'एनए इंटिजर' लिहा, नसेल तर बदला. पाऊस शून्य असलेली अथणीची खरी ओळ आणि नोंद नसलेली ओळ, दोन्ही चाचणीत ठेवा. एकच ठेवली तर दुरुस्ती बरोबर आहे की नाही हे कळणार नाही.

रिस्क-व्हीचा बोर्ड असेल तर आणखी एक पेच आहे. तिथला प्रोसेसर गणितानंतर एनएएनचा ठरावीक एकच नमुना देतो, १९५४ पुसला जातो. एनएमध्ये एक मिळवला की उत्तर एनए न येता एनएएन छापलं जातं. 'इज डॉट एनए' दोघांनाही होच म्हणतं, म्हणून हिशेब बिघडत नाही; पण छापलेल्या आउटपुटवर बेतलेल्या चाचण्या पडतात.

अडकलेला आणि कोसळणारा प्रोग्राम

फाइल वाचताना प्रोग्राम अनंतकाळ फिरत राहिला, प्रोसेसर शंभर टक्के, तर 'कॅर' या प्रकारावर संशय घ्या. इंटेल लिनक्सवर साधा कॅर चिन्हासहित, एआरएम लिनक्सवर चिन्हाविना. 'गेटसी'चं उत्तर कॅरमध्ये ठेवून ते फाइलच्या शेवटाशी, म्हणजे उणे एकशी, ताडणारा जुना कोड एआरएमवर कधीच थांबत नाही, कारण तिथे उणे एकचे २५५ होतात. 'एफसाइन्ड-कॅर' देऊन बांधल्यावर प्रोग्राम थांबला तर खात्री पटली. मग कोडमध्ये इंट वापरून कायमची दुरुस्ती करा. 'माझ्या एम-१ मॅकवर चालतंय, तोही एआरएमच की' असं कुणी म्हटलं तर ऐकू नका, ॲपलनं कॅर चिन्हासहित ठेवला आहे.

'कॉट सेगफॉल्ट' असं येऊन आर कोसळत असेल तर 'आर डॅश डी जीडीबी' असं सुरू करा, 'रन' म्हणा, दोष घडवा, 'बीटी' म्हणा. पॅकेज 'जी' आणि 'ओ-शून्य' पर्यायांनी बांधलेलं असेल तरच ओळी सरळ दिसतील. आरच्या पातळीवरच्या चुकांसाठी 'ट्रेसबॅक', 'ब्राउझर' आणि 'ऑप्शन्स'मध्ये एररसाठी 'रिकव्हर' हे तिघं बहुतेकदा पुरतात. इशाऱ्यांचं रूपांतर चुकांमध्ये करायला 'वॉर्न' २ करा.

कधी कोसळतं, कधी नाही, असा प्रकार असेल तर वापरात नसलेली मेमरी परत घेणाऱ्या, म्हणजे कचरा गोळा करणाऱ्या यंत्रणेकडे बघा. सी कोडनं तयार केलेली आरची वस्तू 'प्रोटेक्ट' केली नाही तर पुढच्या मेमरी वाटपाच्या वेळी ती उचलून नेली जाऊ शकते. 'जीसी टॉर्चर' चालू केलं की जवळजवळ प्रत्येक वाटपाला सफाई होते आणि लपलेला दोष दर वेळी, त्याच जागी उघडा पडतो. भयंकर हळू चालतं, म्हणून आधी डेटा लहान करून ठेवलेला असणं इथे कामी येतं.

मराठी, कानडी आणि जुने फाँट

सीमाभागातल्या डेटात हा विषय टाळता येत नाही. एकाच फाइलमध्ये गावाचं नाव कानडीत, शेतकऱ्याचं मराठीत आणि रकान्याचं शीर्षक इंग्रजीत असतं. कोरं बसवलेल्या बोर्डावर बऱ्याचदा मराठीचा लोकेल (भाषा आणि लिपीची प्रणालीतली मांडणी) तयारच नसतो. अक्षरांऐवजी कोनी कंसात यू आणि अधिक चिन्ह दिसू लागलं तर डेटा बिघडलेला नाही. प्रणालीत मराठीचा युटीएफ-८ लोकेल तयार करा, आर बंद करून पुन्हा उघडा, आणि 'एल१०एन इन्फो' युटीएफ-८ ला होकार देतं का बघा.

खात्रीसाठी 'खानापूर' या नावावर 'एनकॅर' चालवा. अक्षरं मागितली तर ७ आणि बाइट मागितले तर २१ यायला हवेत. काना आणि उकारही वेगळे मोजले जातात. मग नावं क्रमानं लावून 'ळ' कुठे पडतो ते बघा. युनिकोडच्या यादीत तो 'ल'च्या लगेच नंतर आहे, आपल्या वर्णमालेत 'ह' नंतर. नुसत्या सी लोकेलमध्ये युनिकोडचाच क्रम मिळणार. 'केपेबिलिटीज'मध्ये आयसीयूपुढे होकार नसेल तर कॉन्फिगरच्या सारांशाकडे परत जा.

आलेखात जोडाक्षरं फुटत असतील तर नेहमीचं 'पीडीएफ' उपकरण सोडा आणि 'कैरो पीडीएफ' घ्या. ते पँगोकडून अक्षरं जुळवून घेतं.

दोन नावं डोळ्यांना सारखी आणि आरला वेगळी वाटतात, तेव्हा 'युटीएफ-८ टू इंट'नं त्यांचे संकेतांक छापा. 'कऱ्हाड'मधला ऱ एका संकेतांकानं लिहिता येतो, र आणि नुक्त्यानं लिहिता येतो, आणि काही कळफलक र्‍ साठी मध्ये न दिसणारा जोडक घालतात. पहिल्या दोघांना 'स्ट्रिंगआय' पॅकेजमधलं एनएफसी रूपांतर एकत्र आणतं. न दिसणारा जोडक असलेला र्‍ मात्र हातानं बदलून ऱ् करावा लागतो.

जुन्या कचेऱ्यांतल्या फाइली मात्र वेगळंच प्रकरण आहे. श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर आरला इंग्रजी चिन्हांचा गोंधळ दिसतो. 'आयकॉनव्ह'ला इथे करण्यासारखं काही नाही, कारण ती कुठल्याही प्रमाणित संकेतावलीतली अक्षरं नाहीत. फक्त फाँटनं त्यांना कानडी किंवा मराठी आकार दिलेला असतो. त्या त्या फाँटचा परिवर्तक वापरून आधी युनिकोड करा, मगच आरमध्ये घ्या. आणि १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या इंग्रजी फाइलींत 'बेलगाम'चं 'बेळगावी' झालेलं असतं. दोन वर्षांचे तक्ते जोडताना अर्ध्या ओळी गळाल्या तर बोर्डाला दोष देण्याआधी नावांची यादी 'युनिक'नं छापून बघा.

नव्या यंत्रावर नेण्याशी (पोर्टशी) संबंध नसलेले दोष

जुन्या डेस्कटॉपवर ३.५ आणि बोर्डावर नवी ४ मालिका असेल तर दोन बदल आधी आठवा. ३.६.० पासून 'सँपल' फंक्शनची निवडीची पद्धत बदलली, त्यामुळे 'सेट डॉट सीड' तेच ठेवूनही नमुना वेगळा येतो. 'आरएनजी काइंड'मध्ये 'सँपल डॉट काइंड'ला 'राउंडिंग' दिलं की जुना नमुना परत मिळतो. ४.० पासून मजकुराचे रकाने आपोआप फॅक्टर होत नाहीत. तालुक्यांच्या नावांवर चालणारी जुनी स्क्रिप्ट इथेच अडते.

दोष कळवताना

दोष पॅकेजचा असेल तर पॅकेजच्या देखभालकर्त्याकडे, आरच्या गाभ्याचा असेल तर आरच्या बगझिलावर. गाभ्याचा आहे असं म्हणण्याआधी 'व्हॅनिला' पर्यायानं, एकही पॅकेज न चढवता, तो घडवून दाखवता आला पाहिजे. सोबत 'सेशन इन्फो', कंपायलरची आवृत्ती, कॉन्फिगरला दिलेले पर्याय आणि दहा ओळींच्या आतला कोड द्या. शेतकऱ्यांची नावं किंवा खातेक्रमांक असलेली खरी फाइल कधीही पाठवू नका. ती तीन संख्यांची साडेबारा, एनए, शून्य अशी ओळ पुरते, आणि ती वाचणाऱ्याला कणकुंबी कुठे आहे हे माहीत असण्याची गरजही पडत नाही. दुरुस्ती तुमच्याकडे तयार असेल तर 'डिफ'सोबत तीच ओळ पॅकेजच्या 'टेस्ट्स' फोल्डरसाठी चाचणी म्हणून जोडा, म्हणजे पुढच्या आवृत्तीत हा दोष परत शिरला तर चाचणीच ओरडेल.